पायथ्याची वीज आणि खालची नदी: धरणाचा जमाखर्च गावपातळीवर कसा मांडायचा

कोल्हापूर जिल्ह्यात ‘धरण हवं की नको’ हा वाद आता फारसा उपयोगाचा नाही. राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी, पाटगाव, कुंभी, कासारी ही धरणं उभी आहेत आणि त्यांच्या पाण्यावर ऊसही उभा आहे. विचारायला हवं ते वेगळंच: विजेसाठी कुठलं पाणी, दिवसाच्या कुठल्या वेळी, कुठल्या वाटेनं सोडलं जातं, आणि त्यानं खालच्या नदीत काय बदलतं? नफा आणि नुकसान दोन्ही यातच मोजायचं असतं. हे मोजायला अभियंता असण्याची गरज नाही. पाणी वापर संस्था, ग्रामपंचायत किंवा कॉलेजचा निसर्ग मंडळाचा गट, कुणीही करू शकतं.

आणि ते करावंच लागतं. २००६ च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेत जलविद्युत प्रकल्पाला पूर्वमंजुरी लागते ती २५ मेगावॉटपासून पुढे. आपल्याकडची धरणाच्या पायथ्याची बहुतेक वीजगृहं त्याखालची आहेत. म्हणजे केवळ विजेच्या नावानं पाहिलं तर नदीचा अभ्यास कुणी करणं बंधनकारकच नाही. वनजमीन किंवा अभयारण्य मध्ये आलं तर वेगळ्या परवानग्या लागतात, पण त्यांत खालच्या नदीबद्दल फारसं काही विचारलं जात नाही.

आधी प्रकल्पाची जात ओळखा

पहिला प्रकार पायथा वीजगृहाचा. धरणातून सोडलेलं पाणी टर्बाइनमधून जातं आणि तिथंच नदीत पडतं. राधानगरी याच प्रकारचं. दुसरा प्रकार पाणी वळवणारा. कोयनेचं पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडून कोकणात उतरतं, वाशिष्ठीला मिळतं, आणि कृष्णेला ते परत कधीच मिळत नाही. कृष्णेच्या पाणीवाटपासाठीच्या बच्छावत लवादानं असं पश्चिमेला वळवायला ६७.५ टीएमसीची (एक टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) मर्यादा घातली ती म्हणूनच. तिसरा प्रकार उदंचनाचा, म्हणजे दोन तलावांमध्ये पाणी वर-खाली खेळवण्याचा. पाटगावच्या पाण्यावर असा प्रस्ताव आला तेव्हा भुदरगडात विरोध झाला, आणि दोन्ही बाजूंनी हा प्रकार आणि पहिले दोन प्रकार सर्रास एकत्र कालवले गेले.

प्रत्येक प्रकाराचं नुकसान वेगळ्या जागी होतं. पायथ्याच्या वीजगृहात पाणी किती हे बदलत नाही, सोडण्याची वेळ बदलते. वळवणाऱ्यात धरणाखालचा टप्पा कोरडा पडण्याची भीती असते. उदंचनात पाहायचं ते असं, की पहिल्यांदा तलाव भरायला पाणी कुठून आणि कुठल्या महिन्यात घेणार, आणि दरवर्षी बाष्पीभवनाची भरपाई कुठून करणार. १०० हेक्टरचा तलाव धरा. वर्षाला दीड मीटर पाणी वाफ होऊन गेलं तर १५ लाख घनमीटर, म्हणजे ०.०५ टीएमसीच्या आसपास. आकडा मोठा नाही, पण तो एप्रिल-मेमध्ये पाटगावातून उचलायचा म्हटलं की पाटगावखालच्या वेदगंगेच्या काठाला तो लहान वाटत नाही. शिवाय उदंचनातून वीज ‘तयार’ होत नाही, साठवली जाते. कार्यक्षमता साधारण ७५ ते ८० टक्के, म्हणजे १०० युनिट परत मिळवायला १२५ ते १३३ युनिट आधी खर्ची पडतात. जमेच्या बाजूला ‘इतके मेगावॉट वीजनिर्मिती’ असं लिहिलेलं दिसलं तर ते तिथंच खोडा आणि त्याजागी ‘इतके तास इतके मेगावॉट साठवण’ असं लिहा.

युनिट काढा, मेगावॉटवर थांबू नका

सूत्र एकच आहे: किलोवॉट = ९.८१ × विसर्ग (घनमीटर प्रति सेकंद) × हेड (मीटर) × कार्यक्षमता. हेड म्हणजे जलाशयाची पातळी आणि टर्बाइनखालच्या पाण्याची पातळी यांतला फरक. कार्यक्षमता ०.८५ धरा. क्युसेकचे (घनफूट प्रति सेकंद) घनमीटर करायला ३५.३ नं भागायचं.

पावसाळ्यात राधानगरीच्या वीजगृहातून १४०० ते १५०० क्युसेक विसर्ग सुरू असल्याची बातमी नेहमी येते. १४०० क्युसेक म्हणजे ३९.७ घनमीटर प्रति सेकंद. हेड ३० मीटर धरलं तर ९.८१ × ३९.७ × ३० × ०.८५, म्हणजे साधारण ९,९०० किलोवॉट. सांगितलेल्या क्षमतेशी हा आकडा जुळतो का, ते पाहा. फारच तफावत आली तर विसर्ग, हेड किंवा क्षमता यांपैकी काहीतरी चुकीचं सांगितलं गेलंय.

आता ऊर्जा, म्हणजे युनिट: एक किलोवॉट तासभर चालला की एक युनिट. १ टीएमसी म्हणजे २.८३ कोटी घनमीटर. ३० मीटर हेडवर त्यातून मिळतात सुमारे २० लाख युनिट. महिन्याला १५० युनिट जाळणारी अकराशे घरं वर्षभर चालतील एवढी ही वीज. तेच १ टीएमसी कोयनेच्या साधारण ४७५ मीटर हेडवरून खाली सोडलं तर ३ कोटींच्या वर युनिट मिळतात, जवळपास सोळा पट. कोयनेच्या विजेची गोडी कशात आहे ते यातून कळतं, आणि आपल्या पायथ्याच्या विजेसाठी नदीला किती ताण द्यावा याची मर्यादाही कळते. २० लाख युनिटसाठी नदीचं एक टीएमसी वेडंवाकडं खेळवणं परवडतं का, हा प्रश्न मग आकड्यासकट विचारता येतो.

दोन चुका इथं हमखास होतात. पहिली: क्षमतेला वर्षाच्या ८,७६० तासांनी गुणणं. १० मेगावॉटचे असे ८.७६ कोटी युनिट होतात, पण यंत्र वर्षभर पूर्ण क्षमतेनं चालत नाही. केंद्रीय वीज नियामक आयोगानं लघु जलविद्युतसाठी हिमालयीन आणि ईशान्येकडच्या राज्यांना ४५ टक्के आणि महाराष्ट्रासारख्या बाकीच्या राज्यांना ३० टक्के वापर-प्रमाण (पूर्ण क्षमतेच्या तुलनेत वर्षभरातली प्रत्यक्ष वीज) धरलं. म्हणजे २.६ कोटींच्या आसपास. दुसरी: पूर्ण भरलेल्या धरणाचं हेड बारा महिने धरणं. मार्चनंतर पातळी उतरते, हेड उतरतं, आणि तेवढ्याच पाण्यातून वीज कमी मिळते.

हे पाणी नाहीतरी सुटणार होतं का?

जमाखर्चातला हा सर्वांत नाजूक भाग. सिंचनाच्या पाळीसाठी सोडायचंच पाणी टर्बाइनमधून जात असेल, तर त्यातून मिळणारी वीज जोडउत्पन्न आहे. धरणानं केलेलं सगळं नुकसान विजेच्या माथी मारणं तेव्हा चूक. उलट, पाळी नसताना, केवळ संध्याकाळच्या महाग विजेसाठी चार तास जोरात सोडून बाकीचे वीस तास बंद ठेवलं, तर त्या चढउताराचं नुकसान पूर्णपणे विजेचं. दोन्ही वेगळी काढायला दोन नोंदी लागतात: आवर्तनाचं, म्हणजे सिंचनाच्या पाळ्यांचं, वेळापत्रक आणि वीजगृहाची तासवार नोंद. त्या समोरासमोर ठेवा. पाळी नसलेल्या दिवसांतले वीजनिर्मितीचे तास वेगळ्या रंगानं रंगवा. विजेचं खरं ‘स्वतःचं’ पाणी तेवढंच.

या नोंदी माहितीच्या अधिकारात मागता येतात. अर्जाचं शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘धरणाबाबतची सर्व माहिती’ असं लिहिलं की उत्तर गोलमोल येतं. नेमकं मागा: अमुक महिन्यांची टर्बाइनची तासवार नोंद, दरवाजे व सेवाद्वार (पाणी सोडायचं नेहमीचं द्वार) उघड-बंद केल्याची नोंदवही, दहा-दहा दिवसांची आवक, आणि जलाशय परिचालन सूची (कुठल्या तारखेला पातळी किती ठेवायची याचा तक्ता). वीजगृह आणि धरण वेगवेगळ्या कार्यालयांकडे असू शकतं, म्हणून अर्ज दोन.

नदीकाठचं मोजमाप

पातळीपासून सुरुवात करा. वीजगृहाखाली साधारण एक, पाच आणि पंधरा किलोमीटरवर पुलाच्या किंवा बंधाऱ्याच्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा रंगवा. नोव्हेंबर आणि एप्रिल असे दोन महिने निवडा. प्रत्येकात सलग ४८ तास दर तासाला वाचन घ्या, रात्रीचं धरून. रात्रीचं टाळलं तर सगळा खटाटोप वाया, कारण खरी उतरण मध्यरात्रीनंतर दिसते. पाणी चढताना मासा सरकून घेतो, उतरताना अडकतो. तासाला १० ते १५ सेंटिमीटरपेक्षा जलद उतरण ही कामचलाऊ धोक्याची रेघ माना. अशी उतरण झाली की लगेच काठाच्या खडकांतली डबकी पाहा. बोटभर लांबीची पिल्लं त्यात सापडली तर मोजा, फोटो काढा, वेळ लिहा. कावळे आणि बगळे आधीच जमलेले असतील, डबकी कुठं आहेत ते तेच सांगतात.

मोजताना कोल्हापुरी बंधारा वर आहे की खाली, हे लिहायला विसरू नका. बरगे (पाणी अडवायच्या काढता-घालता येणाऱ्या फळ्या) घातलेला बंधारा वीजगृहाचा चढउतार स्वतःच्या फुगवट्यात जिरवतो. त्यामुळं बंधाऱ्याखाली घेतलेलं वाचन ‘सगळं ठीक’ सांगतं, आणि वरच्या पाच किलोमीटरमध्ये नदी दिवसातून दोनदा श्वास घेतल्यासारखी वर-खाली होत असते.

विसर्ग मोजायला सरळ, डोह नसलेला वीस मीटरचा पट्टा निवडा. पाण्याची रुंदी मोजा, दर दोन मीटरवर काठीनं खोली घेऊन सरासरी काढा. अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली मध्यभागी सोडा आणि वीस मीटर जायला लागलेले सेकंद मोजा. पाच वेळा करा, सरासरी घ्या. पृष्ठभागावरचं पाणी तळापेक्षा जोरात वाहतं, म्हणून वेगाला ०.८५ नं गुणा. उदाहरण: रुंदी २४ मीटर, सरासरी खोली ०.६ मीटर, वीस मीटरला ५० सेकंद. १४.४ × ०.४ × ०.८५, म्हणजे ४.९ घनमीटर प्रति सेकंद, अर्थात १७३ क्युसेक. वारा असेल तर बाटली फसवते, सकाळी लवकर करा. टर्बाइन चालू असताना हे मोजमाप करायचंच नाही. पाणी अचानक वाढतं आणि गुडघाभर धारेत माणूस उभा राहत नाही. डिसेंबर २०२१ मध्ये राधानगरीचं द्वार दुरुस्तीच्या वेळी अडकून भर हिवाळ्यात धरणाखालची भोगावती नदी फुगली होती. काठावर एकजण वर नजर ठेवून हवाच.

विरघळलेला ऑक्सिजन मोजायला टायट्रेशनचा किट पुरतो. वेळ मात्र एकच, सूर्य उगवण्याआधी. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि मेलेल्या नदीचा आकडाही गोंडस येतो. बाटली पाण्याखालीच भरा आणि पाण्याखालीच बूच लावा. एक बुडबुडा आत राहिला तरी वाचन फुकट. ५ मिलीग्रॅम प्रति लिटरच्या वर असेल तर ठीक, ४ च्या खाली मासे ताणाखाली, २ च्या जवळ मरतुक. सोबत तापमान घ्या. मार्च ते मे जलाशयात थर पडतात: वर कोमट, तळाला गार आणि ऑक्सिजन संपत आलेलं पाणी. टर्बाइनचं तोंड खोल असेल तर हेच पाणी बाहेर येतं. वीजगृहाच्या तोंडाशी सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि पाणी वरच्या ओढ्यांपेक्षा गार असेल, तर कारण हेच. खडकांवरून पाच-सात किलोमीटर वाहिलं की ऑक्सिजन बराच भरून येतो. म्हणूनच एकाच जागेचं वाचन देऊन काही सिद्ध होत नाही.

तुलनेला अडवलेलं नसलेलं पाणी हवं. राधानगरी जलाशयाच्या वरचे दाजीपूरच्या जंगलातले ओढे त्यासाठी चांगले. अभयारण्यात शिरायला परवानगी लागते, ती आधी काढा.

दुसऱ्याचं पाप धरणाच्या खात्यात नको

राधानगरीपासून प्रयाग चिखलीपर्यंत (जिथं पंचगंगा सुरू होते) एक नदी आहे, आणि कोल्हापूर शहराखाली दुसरीच. जयंती नाल्यासारख्या नाल्यांचं सांडपाणी, पुढं इचलकरंजी, कारखान्यांचं मळीमिश्रित पाणी. तेरवाड बंधाऱ्यात मेलेल्या माशांचा खच दिसतो तेव्हा त्याचं कारण वीजगृहात शोधू नये. म्हणून ऑक्सिजनची वाचनं किमान चार ठिकाणी घ्या: वीजगृहाखाली, प्रयाग चिखलीला, राजाराम बंधाऱ्यावर आणि तेरवाडला. प्रयागपर्यंत आकडा सुधारत आला आणि राजारामपाशी कोसळला, तर दोष शहराचा आहे हे आपोआप दिसतं.

धरणाचा संबंध इथं वेगळ्या प्रकारे येतो. बरगे घातल्यावर पंचगंगा वाहती नदी न राहता तळ्यांची माळ होते. जलपर्णी पसरते, घाण साचते, आणि वरून पाणी सुटलं किंवा बरगे काढले की ती कुजकी घाण एका लोंढ्यात खालच्या बंधाऱ्यात जाते. मासे मरतात ते बहुधा अशा वेळी. उन्हाळ्यात धरणातून सुटणारं पाणी या घाणीला पातळ करतं, ही मात्र जमेची बाजू. धरण नसतं तर एप्रिलमध्ये पंचगंगा आजच्यापेक्षा बारीक असती. हेही लिहा. न लिहिणाऱ्याचा जमाखर्च कुणी मानत नाही.

नदीला किती ठेवायचं

मापदंड म्हणून गंगेची २०१८ ची अधिसूचना वापरता येते. वरच्या गंगेत त्या-त्या महिन्याच्या सरासरी प्रवाहाच्या नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल आणि मेमध्ये २५ टक्के, जून ते सप्टेंबर ३० टक्के पाणी सोडायचं, असं ती सांगते. ती आपल्याला लागू नाही, पण तुलनेला आकडा मिळतो. नदीत किमान किती पाणी हवं हे ठरवायची जुनी टेनंटची पद्धतही सोपी आहे: वार्षिक सरासरी प्रवाहाच्या १० टक्क्यांवर नदी कशीबशी तगते, ३० टक्क्यांवर बऱ्यापैकी जगते. मात्र आपल्या नद्यांचं जवळपास सगळं पाणी चार महिन्यांत येतं. वार्षिक सरासरीवर हिशोब केला तर मेमध्ये निसर्गतःच नसलेलं पाणी मागितल्यासारखं होतं. म्हणून महिनावार आकडाच घ्या.

उन्हाळा सगळे मोजतात. जून कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते खरं नुकसान तिथंच आहे. पहिल्या जोराच्या पावसात चढणीचे मासे प्रवाहाविरुद्ध वर निघतात, ओढ्यांत आणि खडीच्या तळावर अंडी घालायला. नेमकं तेव्हाच धरण रिकामं असतं आणि येईल तेवढं पाणी पोटात घेतं. राधानगरी जुलै-ऑगस्टमध्ये भरून स्वयंचलित दरवाजे आपोआप उघडतात. सात दरवाजे, प्रत्येकातून १,४२८ क्युसेक. म्हणजे पुराचा लोंढा नदीला मिळतो, पण महिना-दीड महिना उशिरा. धरणाखाली न अडवलेले ओढे किती मिळतात ते नकाशावर पाहा. पहिल्या दहा किलोमीटरमध्ये मोठा ओढा असेल तर नुकसान सौम्य, नसेल तर तो टप्पा माशांच्या दृष्टीनं वांझ. महसीर माशाला तर वाहतं पाणी आणि स्वच्छ गोटे दोन्ही लागतात, आणि धरण गोटे, खडी, वाळू सगळं वरच अडवतं.

‘मत्स्यबीज सोडून भरपाई करू’ हे आश्वासन ऐकायला मिळेल. जलाशयात कटला-रोहू सोडणं हा धंदा आहे, भरपाई नव्हे. जाळ्यात काय येतं ते मच्छीमारांना विचारा आणि महिनावार लिहून ठेवा. वाम, मरळ, शिंगाडा कमी होत जाऊन चिलापीच येऊ लागली असेल, तर ती नोंद प्रयोगशाळेच्या अहवालाइतकीच वजनदार. फक्त जाळ्याची मापं सारखी असायला हवीत, नाहीतर जाळं बदलल्याचा परिणाम नदीवर ढकलला जातो.

तागडीत कसं टाकायचं

सगळं रुपयांत आणण्याचा मोह टाळा. युनिटचे रुपये होतात, वाचलेल्या कोळशाचा हिशोब होतो (आपल्या ग्रिडवर एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड), पण चढणीच्या माशांचा भाव ठरवायला गेलात की आकडा तुमचा आणि हसू समोरच्याचं. त्यापेक्षा नदीसाठी तीन-चार न ओलांडायच्या रेघा ठरवा: पहाटेचा ऑक्सिजन, उतरणीचा वेग, महिनावार किमान विसर्ग, जूनमधला एक तरी लोंढा. मग उलटा प्रश्न विचारा: या रेघा पाळल्या तर किती युनिट कमी होतात?

उत्तर बहुतेकदा आश्चर्यकारकरीत्या लहान येतं. समजा दिवसातले वीस तास टर्बाइन बंद असताना ५० क्युसेक सतत सोडायचं ठरलं. वीस तासांचं ते पाणी होतं ३६ लाख घनफूट, ०.००३६ टीएमसी. ३० मीटर हेडवर त्याची वीज सुमारे ७,००० युनिट. महिनाभर केलं तरी दोन लाखांच्या आसपास, आणि पाणी वाया गेलेलं नसतं, खालच्या बंधाऱ्यात साठतं. बंद करतानाची उतरण एका झटक्याऐवजी दोन तासांत पायऱ्यापायऱ्यांनी केली तर वीज जवळपास तेवढीच राहते, फक्त थोडी स्वस्त वेळेला सरकते.

यात अडतं कुठं तेही समजून घ्या. टर्बाइन फार कमी विसर्गावर चालत नाही, थरथरते, पाती झिजतात. म्हणून ५० क्युसेक वेगळ्या वाटेनं, छोट्या झडपेतून सोडावे लागतात आणि ती झडप नसेल तर खर्च येतो. ‘जमत नाही’ असं उत्तर आलं तर यंत्राची किमान विसर्गमर्यादा आणि बायपासची सोय आहे का, हे लेखी मागा. उंच धरणाला मासे चढवणाऱ्या पायऱ्या मागण्यात वेळ घालवू नका. राधानगरीसारख्या चाळीस मीटरच्या भिंतीवर आपले मासे त्या चढणार नाहीत.

हा सगळा हिशोब दोन पानांत बसवा. पहिल्या पानावर पातळीचा आलेख आणि ऑक्सिजनची चार वाचनं, दुसऱ्यावर मागण्या आणि प्रत्येकीपुढे तिची युनिटमधली किंमत. तो पाण्याच्या पाळ्या ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी पाटबंधारे विभागाच्या कार्यकारी अभियंत्यांकडे द्या, पोच घ्या, आणि समितीतल्या लाभक्षेत्राच्या प्रतिनिधीला त्याची प्रत आधीच दाखवा. रब्बीच्या आवर्तनाचं नियोजन पावसाळा संपताच होतं, उन्हाळ्याचं फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास. उपसाबंदी (नदीतून मोटारीनं पाणी उपसायला बंदी) लागू झाल्यावर दिलेला कागद कुणी वाचत नाही. त्या दिवसांत प्रत्येकाचं लक्ष स्वतःच्या मोटारीवर असतं.